पांढरीचा कागद

लोहारा तालुक्यांत तेरणेच्या कांठीं माकणी नांवाचें गांव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण या गांवाजवळ झाल्यामुळें त्याचें नांव जिल्ह्याबाहेरच्या लोकांच्याही कानांवर गेलें. या भागांतलीं पुष्कळ कुटुंबें आज सोलापूर, लातूर, पुणें, मुंबई येथें स्थायिक झालेलीं आहेत. गांवीं वडिलोपार्जित घर असतें, त्याला कुलूप असतें, आणि वर्षादोनवर्षांनीं एकदां असा विषय निघतो कीं, तें घर विकून टाकावें, किंवा भावकींतल्या एकानें इतरांचे हिस्से घेऊन तें आपल्या नांवावर करावें. मग कागद शोधण्यास प्रारंभ होतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं येते. तींत ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या असतात, विजेचीं बिलें असतात, सातबाराचा एखादा जीर्ण उतारा असतो, आणि तळाशीं उर्दूंत लिहिलेला, निजाम सरकारचा शिक्का असलेला एक पिवळा कागद असतो. हा कागद घरांत कोणालाच वाचतां येत नाहीं. तरी सर्वांची अशी श्रद्धा असते कीं, घराची मालकी त्याच कागदांत आहे. पुष्कळदां तो कागद घराचा नसतोच. तो शेताचा असतो.

ही चूक कोणा एका कुटुंबाची नव्हे. तिच्यामागें मोठा इतिहास आहे, आणि तो कळल्यावांचून आज घराचा व्यवहार करणाऱ्यानें कोणाला काय विचारावें हें नीट कळणार नाहीं.

मराठी मुलखांत गांवाचे पूर्वापार दोन भाग मानीत आले आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ रान, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या घरें पडतात, भिंतींची माती भिजून बसते, तिच्यावर पुन्हां घरें उठतात आणि वस्तीची जागा भुरकट पांढुरकी होत जाते. म्हणून ती पांढरी. राज्यकर्ता कोणीही असो, त्याचा मुख्य महसूल काळींतून येई. म्हणून मोजणी काळीची झाली, प्रतवारी काळीची झाली, आणि दप्तरही काळीचेंच लिहिलें गेलें. घरावर व धंद्यावर मोहतर्फ्यासारखे कर होते, परंतु त्यांसाठीं जागेची हद्द ठरविण्याची गरज नव्हती. पांढरींतलें घर कोणाचें, हें गांवाला ठाऊक असे, आणि तेवढें पुरे होई. काळीला कागद आणि पांढरीला साक्ष, अशी ही वांटणी होती. आज शहरांतल्या खरीददाराला जो त्रास होतो त्याचें मूळ बहुतांशीं या वांटणींत आहे.

याचा अर्थ घरें विकलीं जात नव्हतीं असा नव्हे. मोडींत लिहिलेलीं जुनीं खरेदीखतें पाहिलीं तर तीं आजच्या कांहीं छापील मसुद्यांपेक्षां बरीं वाटतात. आरंभीं शक, सुहूर सन किंवा फसली सन, मग घेणारा व देणारा, मग विक्रीचें कारण, तें बहुधा कर्जाचें किंवा दुष्काळाचें, मग किंमत, मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कोणाचें घर, पश्चिमेस कोणती गल्ली, दक्षिणेस कोणाची भिंत. शेवटीं एक वाक्य हटकून असे: भाऊबंद किंवा दुसरा कोणी हरकत करील तर ती विकणारानें वारावी. आणि खालीं साक्षी. ज्याला लिहितां येत नसे अशा कुणब्याच्या नांवापुढें नांगराची आकृति काढीत आणि ‘निशाणी नांगर’ असें लिहीत. त्या साक्षींतच खऱ्या अर्थानें मालकीचा पुरावा असे. उद्यां तंटा झाला तर पाटील, कुलकर्णी आणि शेजारी जमून, हें घर अमक्यानें अमक्यास दिलें, असें सांगणार. माणसें जिवंत आणि गांवीं असेपर्यंत ही पद्धति निर्वेध चाले. माणसें मेलीं किंवा गांव सोडून गेलीं, कीं ती लंगडी पडे.

माकणी ज्या प्रदेशांत आहे त्याच्या दप्तराला एकोणिसाव्या शतकांत दोनदां वळण लागलें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. नळदुर्ग जिल्ह्यावर जो अधिकारी आला तो फिलिप मेडोज टेलर, ठगांवरील कादंबरीमुळें विलायतेंत प्रसिद्ध झालेला. त्यानें येथें जमिनीच्या मोजणीचें आणि सारा ठरविण्याचें काम हातीं घेतलें. परंतु त्याचीही नजर काळीवरच होती. सरकारला पाहिजे होता तो सारा. १८६० मध्यें हा मुलूख निजामाकडे परत गेला. १८६५ मध्यें सालारजंगाच्या कारकीर्दींत जिल्हाबंदी झाली, पुढें संस्थानच्या मोजणी खात्यानें शेतवार पत्रकें तयार केलीं, आणि १८८४ पासून कचेरीची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली. अशा रीतीनें गांवचा कुलकर्णी मोडींत लिहीत राहिला, तहसिलींत नोंद उर्दूंत होऊं लागली, आणि ज्याच्या नांवाची नोंद होती त्या शेतकऱ्याला दोन्ही लिप्या येत नव्हत्या.

पेटीच्या तळचा पिवळा कागद या काळांतला असतो. तो वाचून घेण्याची तसदी न घेतां व्यवहार करणें हें धाडसच म्हटलें पाहिजे. बैनामा म्हणजे खरेदीखत; रहननामा म्हणजे गहाणखत; मुंतखब म्हणजे इनामाविषयींच्या निर्णयाचा उतारा. तीन्ही कागदांवर शिक्का सारखाच भारदस्त दिसतो. आजोबांनीं शेजाऱ्याचें घर गहाण घेतलें असेल आणि नातू तें खरेदी समजून विकावयास निघाला असेल, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? त्यानें तो कागद देव्हाऱ्यांतल्या पोथीसारखा जपला, एवढेंच. तारखेचाही असाच घोटाळा होतो. संस्थानच्या फसली सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. पण वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून, सुरू होई. म्हणून जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ म्हणजे १९४७ चा ऑक्टोबर ते १९४८ चा ऑक्टोबर; हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें तें वर्ष. किंमत हाली शिक्क्यांत लिहिलेली असते, आणि ७ हाली रुपये म्हणजे इंग्रजी मुलखांतले ६ कलदार रुपये असा हिशेब होता.

इकडे इंग्रजी मुलखांत निराळी घडी बसत होती. १८६४ च्या कायद्यानें स्थावराच्या महत्त्वाच्या दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. आज लागू असलेला नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होऊं शकते हा दंडक त्यांतला. त्याच कायद्यांत विकणारानें मालकींतला दोष लपवूं नये, कागद दाखवावे, विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं, अशीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. मोडी खरेदीखतांतल्या त्या ‘हरकत वारावी’ या वाक्याचीच ही पुढची पायरी होय. हैदराबाद संस्थानचे कायदे वेगळे होते. म्हणून मराठवाड्यांतल्या जुन्या दस्ताला मुंबईकडची फूटपट्टी सरसकट लावूं नये.

सॉलिसिटर हा मनुष्य या इंग्रजी घडींतला. विलायतेंत १८०४ मध्यें धाकट्या पिटच्या सरकारनें वकिली धंद्यावरचा कर वाढविला, आणि त्या बदल्यांत मोबदला घेऊन हस्तांतरणाचे दस्त तयार करण्याचा मक्ता कायदेपंडितांस दिला. तो मक्ता तेथें १९८५ च्या कायद्यापर्यंत टिकला. लोकांच्या सोयीसाठीं वाटणारी एखादी व्यवस्था सरकारी तिजोरीच्या सोयीनें जन्मास येते, त्याचा हा मासला आहे. मुंबईंत सुप्रीम कोर्टाबरोबर ॲटर्नी आले. १८६२ मध्यें हायकोर्ट झालें, तरी त्याच्या मूळ शाखेंत दोन तऱ्हेचे वकील राहिले: पक्षकाराला भेटणारा, कागद पाहणारा, दस्त लिहिणारा सॉलिसिटर, आणि न्यायाधीशापुढें उभा राहून बोलणारा दुसरा. मुंबईच्या सॉलिसिटरांची इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ मध्यें स्थापन झाली. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यानें देशभर वकिलांचा एकच वर्ग केला, १९७६ च्या दुरुस्तीनें मुंबई-कलकत्त्याचें हें द्वैतही कायद्यापुरतें संपलें. परंतु सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा चालूच राहिली, आणि घराच्या कागदांसाठीं सॉलिसिटरकडे जावें ही मुंबईकराची संवयही राहिली.

धाराशिवकडे ही संस्था कधींच नव्हती. तेथें उर्दूंत परीक्षा दिलेले वकील होते आणि कचेरीबाहेर बसणारे अर्जीनवीस होते. आजही तेथें सॉलिसिटर शोधूं गेल्यास भेटतो तो वकील, किंवा दस्त लिहून देणारा लेखनिक. यांतला भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. दस्तलेखक मजकूर लिहितो. विकणारा खरा मालक आहे कीं नाहीं हें पाहणें त्याचें काम नव्हे. दुय्यम निबंधकाचेंही तें काम नव्हे, आणि नेमकें हेंच सुशिक्षितांच्याही लक्षांत येत नाहीं. नोंदणी झाली, फोटो निघाले, अंगठे घेतले, म्हणजे सरकारनें मालकीवर मोहर केली असें लोक धरून चालतात. सरकारनें मोहर केली ती एवढ्यावरच कीं, अमुक तारखेस अमुक माणसांनीं येऊन हा दस्त आपण केल्याचें कबूल केलें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. विकणाराजवळ नसलेला हक्क नोंदणीनें खरीददाराला मिळत नाहीं.

घरपट्टीच्या पावतीविषयीं असेंच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तींत नांव असणें हा ताब्याचा बरा पुरावा होय, मालकीचा निर्णय नव्हे. सातबारा तर काळीचा. गांवठाणांतल्या घराला तो असावयाचाच नाहीं. घर गांवठाणाबाहेर शेताच्या गटांत बांधलेलें असेल तर मात्र सातबारा डोळ्यांत तेल घालून वाचावा: जमीन बिनशेती झाली होती काय, भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे काय, आणि इतर अधिकारांच्या रकान्यांत काय लिहिलें आहे. माकणीसारख्या धरणाच्या परिसरांत या रकान्याला विशेष महत्त्व आहे. भूसंपादन किंवा पुनर्वसन यांसंबंधीं शेरा असल्यास परवानगीशिवाय केलेली विक्री पुढें अडचणींत येते.

साठेखत आणि खरेदीखत यांचा गोंधळ हा आणखी एक. साठेखत म्हणजे पुढें विक्री करण्याचा करार; त्यानें मालकी जात नाहीं. निम्मे पैसे देऊन, घरांत राहावयास जाऊन, खरेदीखताचें दिवाळीनंतर पाहूं म्हणणारीं माणसें थोडीं नाहींत. त्या दिवाळ्या कधीं पांच होतात, कधीं पंधरा, आणि मग विकणाऱ्याचे वारस दाराशीं उभे राहतात. मुद्रांक वांचविण्यासाठीं मुखत्यारपत्र करून घर विकण्याची चाल सर्वत्र फोफावली होती. अशा कागदानें मालकी जात नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें.

वारसांचा प्रश्न सर्वांत नाजूक. एकत्र कुटुंबाच्या घरांत मुलीला मुलाप्रमाणें जन्मतः हिस्सा, हें महाराष्ट्रानें १९९४ च्या दुरुस्तीनें मान्य केलें, संसदेनें २००५ मध्यें केलें, आणि त्या हक्कासाठीं २००५ सालीं बाप हयात असण्याची अट नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें सांगितलें. तरी आजही गांवच्या घराची विक्री ठरते तेव्हां भाऊ-भाऊ बसतात आणि बहिणींना शेवटीं, सही लागेल म्हणून, फोन जातो. बहिणीला आधीं विचारणें ही रीत म्हणून तरी पाळावी. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांत नात्याचें हित आहे. आणि घेणाऱ्यानें तर भावांच्या ‘ताई कांहीं म्हणायची नाहीं’ या शब्दावर एक पैसाही पुढें करूं नये.

या सर्व इतिहासावर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोसळली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक निजले होते. दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाचें ओझें यांखालीं हजारों माणसें गेलीं. किल्लारी आणि सास्तूर हीं नांवें तेव्हां जगाला ठाऊक झालीं. भूकंपानंतर ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या ठिकाणीं वसविण्यांत आलीं, आणि कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें बांधून देण्यांत आलीं. मृत्यूचा आंकडा आणि घरांची संख्या यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. एक गोष्ट मात्र कमी बोलली गेली. ज्या गांवांची पांढरी ढिगाऱ्याखालीं गेली त्यांची साक्षही गेली. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याची भिंत, या चतुःसीमेंतलें घर नाहीं, भिंत नाहीं, आणि कित्येकदां तो अमकाही नाहीं. नवीं गांवें वसलीं तीं काळीवर, संपादन केलेल्या शेतांत. तेथें घराची चावी आधीं हातीं आली. मालकीचा कबाला मिळावयास पुष्कळांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली. म्हणून या पट्ट्यांतलें पुनर्वसित घर घेतांना वाटपाचा आदेश कोणाच्या नांवें होता, कबाला मिळाला काय, त्यांत विक्रीविषयीं कांहीं शर्त आहे काय, आणि मूळ लाभार्थी वारला असल्यास त्याच्या सर्व वारसांची नोंद झाली काय, हें पाहिल्यावांचून बयाणा देऊं नये.

पांढरीची मोजणी अखेर आली ती आकाशांतून. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढें २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना जाहीर केली. आणि त्याच वर्षीं ११ ऑक्टोबरला मालमत्ता पत्रकें वाटण्यास सुरुवात झाली. पहिल्या दिवशींच्या ७६३ गांवांत महाराष्ट्रांतलीं १०० गांवें होतीं. मेडोज टेलरच्या मोजणीपासून दीडशेंहून अधिक वर्षें गेलीं तेव्हां कोठें घराला नकाशा आणि क्रमांक मिळूं लागला. आपल्या गांवचें काम कोठवर आलें आहे याची चौकशी भूमि अभिलेख कार्यालयांत करावी, आणि चौकशीच्या वेळीं गांवीं हजर राहावें. परगांवीं राहणाऱ्याच्या गैरहजेरींत शेजाऱ्याचा ओटा नकाशावर दोन हात पुढें सरकला तर तो मागें नेणें सोपें नाहीं. आणि पत्रक मिळालें म्हणजे भाऊबंदकी मिटली, असेंही मानूं नये. नोंद खरी धरली जाते ती ती खोटी ठरेपर्यंत.

आतां वकील कोणता पाहावा हें वेगळें सांगण्याची फारशी गरज उरत नाहीं. वरच्या हकीकतींतून तें आपोआप निघतें. तो आपला असावा, म्हणजे विकणाऱ्याचा किंवा दलालाचा नसावा. दोन्ही बाजूंचें काम एकच वकील करील आणि खर्च वांचेल, हा युक्तिवाद गोड आहे. परंतु हरकत निघते तेव्हां तो कोणाचा, हें कळतें. घराच्या कागदाला फौजदारी कोर्ट गाजविणारा वक्ता नको. तहसील, भूमि अभिलेख आणि दुय्यम निबंधक या तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेला दिवाणी कामाचा मनुष्य पाहिजे. वकिलांना जाहिरात करण्यास बंदी आहे, म्हणून मोठ्या पाटीवर जाऊं नये. त्याच तालुक्यांत अलीकडे घर घेतलेल्या दोन कुटुंबांना विचारावें. त्याचें नांव महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेच्या पटावर आहे कीं नाहीं हें पाहतां येतें, आणि तसें पाहण्यांत अपमान नाहीं. निदान तीस वर्षांचा शोध घेण्यास सांगावें, आणि अहवाल लेखी मागावा. त्यांत कोणते कागद मूळ पाहिले, कोणत्या नकला पाहिल्या आणि कोणते मिळालेच नाहींत, याची यादी असावी. ‘सर्व कागद ठीक आहेत’ एवढ्या एका ओळीला किंमत नाहीं. वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावयाची ती गांवीं वाचल्या जाणाऱ्या पत्रांत द्यावी. माकणीच्या घराची नोटीस मुंबईच्या इंग्रजी पत्रांत छापून हरकतदार पुढें येत नसतो. फी आधींच ठरवावी आणि पावती घ्यावी. मिळकतीच्या किंमतींत किंवा दाव्याच्या यशांत वांटा मागणाऱ्यापासून दूर राहावें; तशी फी घेण्यास वकिलांच्या नियमांनीं मनाई आहे.

राहिला तो पिवळा कागद. वकिलाला उर्दू किंवा मोडी येत नसेल तर त्यांत त्याचा कमीपणा नाहीं. मात्र जाणकाराकडून त्याचें भाषांतर करवून तें त्यानें दप्तराला लावलें पाहिजे. मोडी लिपि गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास व्यवहारांतून गेली, तरी ती शिकविण्याचे वर्ग राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे भरत आले आहेत, आणि त्यांतून तयार झालेले वाचक सांपडतात. २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति शिंदे समितीचें काम सुरू झालें, तेव्हां निजामकालीन उर्दू दप्तरें मराठवाड्यांत पुन्हां उघडलीं गेलीं आणि उर्दू वाचणाऱ्या वृद्धांना अचानक मागणी आली. हीं माणसें वयानें थकलेलीं आहेत. पेटी उघडावयाची असेल तर ती याच वर्षीं उघडावी, आणि गांठोड्यांतला प्रत्येक कागद, तो कितीही फाटका असो, छायाप्रत काढून मग त्यांच्यापुढें ठेवावा.